गादीवर बसलेला प्रत्येक जण महंत नसतो : मराठी न्यूज डेस्कला खुलं पत्र

प्रति,
मराठी वर्तमानपत्रं, न्यूज चॅनेल आणि पोर्टलचे संपादक, उपसंपादक, आणि रात्रपाळीला बसून मथळे देणारे सगळे जण,

नमस्कार.

मी पंधराएक वर्षं प्रूफं बघतोय. मासिकं, दिवाळी अंक, स्मरणिका, मिळेल ते. त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढायची सवय लागलेली आहे हे मान्य, पण हे पत्र ऱ्हस्वदीर्घासाठी नाहीये (त्याचंही थोडं पुढे येईल). हे पत्र एका शब्दासाठी आहे. महंत.

आधी काय झालं ते सांगतो. सातआठ वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वीरशैव मठाचे स्वामी लिंगैक्य झाले. वय झालं होतं, तब्येत खालावत होती, सगळ्यांना कल्पना होती. मठाचे जुने कारभारी, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, त्यांनी संध्याकाळी वार्ताहराला फोन करून नीट सगळं सांगितलं. सकाळी पेपर आला तर मथळ्यात ‘महंतांचे निधन’, पहिल्या परिच्छेदात ‘मठाधीश’, तिसऱ्यात ‘पुजारी’, आणि शेवटी ‘आज सायंकाळी त्यांच्या पार्थिवाला अग्नी देण्यात येणार आहे’. एकाच बातमीत एकाच माणसाला तीन पदं, आणि वर अग्नी. वीरशैव परंपरेत समाधी देतात हो, देह बसवून, हातात इष्टलिंग ठेवून, भस्म आणि बेल घालून. सकाळपासून मठात फोन सुरू झाले की दहन किती वाजता, कुठल्या घाटावर. अप्पा समाधीच्या खड्ड्यापाशी उभे राहून एकेकाला सांगत होते, ‘आमच्यात अग्नी देत नाहीत, समाधी आहे, समाधी.’ दिवसभर तेच. गुरू गेल्याचं दुःख बाजूला ठेवून तो माणूस पेपरची दुरुस्ती करत बसला होता, आणि ते मला आजही विसरता येत नाही.

त्या उपसंपादकाने मुद्दाम काही केलं नसणार हे मला ठाऊक आहे. त्याच्या डोक्यात ‘मठ’ म्हटल्यावर ‘महंत’ आला, महंत म्हटल्यावर उत्तरेकडचा जटाधारी साधू आला, साधू म्हटल्यावर घाट आणि चिता आली. एक शब्द चुकला आणि त्याच्या मागोमाग सगळी बातमी चुकत गेली. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे, की मठप्रमुखाचं पद चुकीचं लिहिलं की त्याची निवड, त्याची जबाबदारी, त्याचा वारस, त्याचा अंत्यविधी, सगळंच चुकीचं लिहिलं जातं.

आता शब्दाकडे येऊ. महंतच्या मुळाशी संस्कृत ‘महत्’ आहे, म्हणजे मोठा. पालीत ‘महन्त’ म्हणजे साधं मोठं, थोर, त्यात मठबिठ काही नाही. आपल्याकडे ‘संतमहंत’ अशी जोडी तोंडात बसलेली आहे, तिथेही अर्थ थोर माणसं एवढाच. पण मराठीत या शब्दाला कामाचा अर्थ दिला तो समर्थ रामदासांनी. दासबोधाच्या अकराव्या दशकात महंतलक्षणाचा आख्खा एक समास आहे, आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात ती प्रसिद्ध ओवी आहे, ‘महंतें महंत करावे । युक्तिबुद्धीनें भरावे । जाणते करून विखरावे । नाना देसीं ॥’ यात महंत म्हणजे गादीवर बसून नमस्कार घेणारा नाही. महंत म्हणजे माणसं तयार करणारा, आणि तयार झाली की त्यांना स्वतःजवळ न ठेवता लांब पाठवणारा. कल्याणस्वामी डोमगावला, भीमस्वामी तंजावरला, आणि मिरजेच्या मठावर वेणाबाई. बालविधवा बाई, सतरावं शतक, आणि समर्थांनी तिला कीर्तनाचा अधिकार दिला, मठ दिला. ‘महिला महंत’ असा मथळा देताना आपण काहीतरी जगावेगळं छापतोय असं ज्यांना वाटतं त्यांनी मिरजेचा तो मठ आठवावा.

महानुभावांकडेही महंत आहेत आणि तो त्यांचा हक्काचा शब्द आहे. चक्रधरस्वामींच्या नंतर पंथ सांभाळला नागदेवाचार्यांनी, पुढे वेगवेगळे आम्नाय म्हणजे शाखा झाल्या, त्यांच्या परंपरा आजही ऋद्धिपूर, माहूर, फलटण, जाळीचा देव अशा ठिकाणी चालू आहेत. तिथल्या महंतांच्या नावामागे बिडकर, कारंजेकर अशी जी नावं लागतात ती आडनावं नाहीत, ती शाखेची नावं आहेत. पेपरात मात्र ‘श्री. कारंजेकर म्हणाले’ असं छापून येतं, जणू शेजारच्या फ्लॅटमधले कारंजेकर काका बोलतायत. संन्यास घेतलेल्या माणसाला ‘श्री.’ लावून आडनावाने हाक मारणं हे त्या पंथातल्या माणसाला किती टोचतं हे एकदा कुणाला तरी विचारून बघा.

बीड-नगरकडे अजून वेगळं. तिकडे ‘गड’ म्हटलं की किल्ला नाही. भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड ही श्रद्धास्थानं आहेत, त्यांच्या प्रमुखांना लोक सरसकट ‘गडाचे महंत’ म्हणतात आणि ते बरोबरच आहे, कारण तिथल्या लोकांनीच तो शब्द घेतलेला आहे. पण म्हणून पंढरीच्या वाटेवरच्या फडाच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटाच्या, प्रमुखाला महंत म्हणून चालत नाही, ते फडकरी किंवा फडप्रमुख. पुण्यामुंबईत बसून हा फरक दिसत नाही आणि दिसावा अशी अपेक्षाही नाही, पण तुमचा तालुक्याचा वार्ताहर तिथेच राहतो की, त्याने पाठवलेला शब्द डेस्कवर ‘सोपा’ करण्यात काय मिळतं?

आमच्या वीरशैव मठांचं सांगायचं तर तिथे मठाधिपती आहेत, शिवाचार्य आहेत, पंचपीठांचे जगद्गुरू आहेत, आणि विरक्त मठांची परंपरा त्याहून निराळी आहे. महंत नाहीत. आणि एक गंमत नाही पण घोळ सांगतो, ‘मठपती’ हा आणखी वेगळा शब्द आहे. मठपती म्हणजे जंगम समाजातले, गावातल्या घरोघरचे विधी परंपरेने करणारे, आणि सोलापूर, लातूर, नांदेडकडे हे चांगलं रुळलेलं आडनाव आहे. मी स्वतः एका स्मरणिकेच्या प्रुफात हे पकडलंय, की मठपती आडनावाच्या एका निवृत्त शिक्षकांना कुणीतरी हुशारीने ‘मठाधिपती’ करून ठेवलं होतं. छापून गेलं असतं तर त्या गुरुजींना गावात तोंड दाखवायची चोरी झाली असती, मठाच्या स्वामींपुढे तर विचारूच नका.

मग 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये नांदणीच्या हत्तिणीचं प्रकरण झालं, तेव्हा तर मी रोज पेपर घेऊन नुसता अस्वस्थ व्हायचो. शिरोळ तालुक्यातला नांदणीचा जैन मठ, तिथली महादेवी हत्तीण, तिला तुम्ही माधुरीही म्हणालात, तिला गुजरातला हलवलं म्हणून अख्खा कोल्हापूर जिल्हा रस्त्यावर आला. हत्तीचं बरोबर-चूक हा माझा विषय नाही. पण त्या मठाच्या प्रमुखांना कुठे ‘महंत’, कुठे ‘जैन मुनी’, कुठे नुसतं ‘महाराज’. शब्द आहे भट्टारक. आणि भट्टारक म्हणजे मुनी नाही, हाच तर सगळा मुद्दा आहे. दिगंबर मुनी वस्त्र सोडतात, एका जागी राहत नाहीत, मठ-जमीन-मालमत्ता काही सांभाळत नाहीत. भट्टारक वस्त्रं घालतात, मठात राहतात, मठाची व्यवस्था, हस्तलिखितं, शिक्षण, समाजाचे तंटे सगळं बघतात. म्हणजे हत्तीण मठाची का होती, कोर्टात मठ का गेला, हे समजायला हा एक शब्द पुरेसा होता. ‘मुनी’ लिहिलं की वाचकाला प्रश्न पडणार की सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसाकडे हत्ती कसा? आणि तो प्रश्न सोशल मीडियावर पडलाच, लोकांनी टिंगलही केली. ती टिंगल एका चुकीच्या शब्दातून निघालेली होती.

भट्टारकांचं आणखी एक आहे. नाव गादीबरोबर येतं. नांदणीचे जिनसेन, कोल्हापूरचे लक्ष्मीसेन, श्रवणबेळगोळचे चारुकीर्ती. जो गादीवर बसेल त्याला ते नाव. त्यामुळे जुन्या लेखातले लक्ष्मीसेन आणि आजचे लक्ष्मीसेन हे एकच गृहस्थ समजून कुणी जुना फोटो लावला तर आश्चर्य वाटायला नको, पण तपासायला हवं. गोव्याकडच्या पर्तगाळीच्या सारस्वत मठात नाव प्रत्येकाचं स्वतंत्र असतं पण पुढे ‘तीर्थ’ आणि ‘श्रीपाद वडेर’ अशी भर पडते, तिथल्या बातमीत ते ‘वडेर’ आडनाव समजून वापरू नका, तो मानाचा शब्द आहे, कन्नडातून आलेला.

बौद्धांबद्दल थोडक्यात सांगतो कारण तिथे चूक कमी आणि निष्काळजीपणा जास्त आहे. विहाराला मठ म्हणू नका, भंतेंना महंत तर अजिबातच म्हणू नका. भंते ही हाक आहे, भदंत हे आदराचं संबोधन आहे, महाथेरो ज्येष्ठत्व सांगतं. आणि मरून रंगाच्या वस्त्रातला प्रत्येक तिबेटी भिक्खू ‘लामा’ नसतो. लामा म्हणजे गुरू. मठ चालवणारा बहुतेक वेळा खेन्पो असतो. परदेशी सिनेमांच्या सबटायटलमध्ये ख्रिस्ती ‘ॲबट’चं ‘महंत’ केलेलं मी पाहिलंय, तिथे तर शब्दाचा अर्थच ‘बाप’ आहे, अरमाईक ‘अब्बा’वरून आलेला, आणि सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीप्रमाणे त्याला मठातले संन्यासीच निवडतात. तिथे ‘मठाधिपती’ चालेल, किंवा सरळ ॲबटच ठेवा, मराठी वाचकाला जड जाणार नाही.

हे सगळं आत्ता का, तर सिंहस्थ आलाय. 2026-27 चा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा. म्हणजे महिनोन्महिने रोज पानभर आखाडे, साधू, महंत. तेरा आखाडे आहेत, शैवांचं स्नान त्र्यंबकला कुशावर्तावर आणि वैष्णवांचं नाशिकला रामकुंडावर, हे तुम्हाला माहीत आहे, गेल्या खेपेला 2015 ला कव्हर केलेले लोक अजून तुमच्याकडे आहेत. पण तेव्हाचे पेपर मी जपून ठेवलेत आणि त्यात महंत, श्रीमहंत, महामंडलेश्वर, आचार्य महामंडलेश्वर हे चार शब्द असे काही फिरवलेत की बस्स. ‘महंतांना महामंडलेश्वरपदी बढती’ असं छापलंय! ही तलाठ्याचा मंडल अधिकारी झाल्यासारखी बढती नाहीये. महंत आणि श्रीमहंत हे आखाड्याचा कारभार बघणाऱ्या बाजूचे, पैसा, जागा, शिस्त, पंचांचे निर्णय. महामंडलेश्वर हे विद्येच्या, उपदेशाच्या बाजूचं मानाचं पद, पट्टाभिषेक करून दिलेलं. आचार्य महामंडलेश्वर त्या आखाड्याच्या संन्याशांना दीक्षा देतात. दोन वेगळ्या वाटा आहेत, एकाच जिन्याच्या पायऱ्या नाहीत. महंत नेमतात तेव्हा चादर देतात, खांद्यावर, सगळ्यांच्या समोर, म्हणून ‘चादरविधी’. फोटोखाली ‘शाल देऊन सत्कार’ असं लिहाल तर एका माणसाचं आयुष्य बदलणारा क्षण तुम्ही नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या ओळीत नेऊन बसवाल.

आणि त्र्यंबकेश्वरलाच एक गोष्ट होते जी बघण्यासारखी असूनही मराठी पेपरात जेमतेम कोपऱ्यात येते. नाथ संप्रदायातले योगी तिथे सिंहस्थात जमतात आणि मंगळुरूच्या कद्री मठाचा पुढच्या बारा वर्षांचा प्रमुख ठरवतात. त्याला म्हणतात ‘राजा’. मग योग्यांची झुंडी त्र्यंबकहून चालत निघते, महाराष्ट्र ओलांडत कर्नाटकात जाते, काही महिन्यांनी कद्रीला पोचते आणि तिथे त्याला गादीवर बसवतात. बारा वर्षांनी पुन्हा नवा. नाथांमध्येच काही मठांच्या प्रमुखाला ‘पीर’ म्हणतात, कच्छमध्ये धिणोधरला म्हणतात, आणि गोरखपूरला महंत. म्हणजे एकाच संप्रदायात राजा, पीर, महंत तिन्ही. याची सरसकट ‘नाथपंथी महंत’ अशी एकच ओळ केली की केवढी माहिती हातची जाते बघा.

तुमच्यातले कुणी म्हणतील की कोर्टसुद्धा महंतच म्हणतं. बरोबर आहे. 1954 चा शिरूर मठाचा निकाल आहे सुप्रीम कोर्टाचा, उडुपीच्या अष्टमठांपैकी शिरूर मठ, पुण्याजवळचं शिरूर नव्हे. त्यात कोर्टाने महंतपदाबद्दल मोठं मोलाचं सांगितलंय, की यात पद आणि मालमत्ता, कर्तव्य आणि वैयक्तिक हितसंबंध एकमेकांत असे मिसळलेले आहेत की वेगळे काढता येत नाहीत. आता उडुपीत कुणी शिरूरच्या स्वामींना महंत म्हणत नाही. कोर्टाला सगळ्या मठप्रमुखांसाठी एक सामान्यनाम हवं होतं, इंग्रजी काळापासून ते महंत हे चालत आलं, म्हणून ते वापरलं. कायद्याच्या बातमीत तुम्हीही वापरा, माझी काही तक्रार नाही. पण आपल्या राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या 1950 च्या कायद्यात मठ आणि मंदिर यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत, आणि मठाच्या व्याख्येत प्रमुखाचं काम सांगितलंय, शिष्यांना धर्माचं शिक्षण देणं किंवा त्यांचं प्रमुखपण सांभाळणं. पूजा करणं हे मठप्रमुखाचं ओळखीचं काम म्हणून तिथे दिलेलं नाही. तेव्हा देवळात पूजा करणाऱ्या गुरवाला किंवा पुजाऱ्याला ‘मंदिराचे महंत’ करू नका, जोवर तिथली माणसं स्वतः तसं म्हणत नाहीत तोवर.

वारसाचं तर फारच जपून लिहा. संन्यासी गादी असेल तर वारस शिष्य असतो, रक्ताचा कुणी नाही. पण घरबारी, म्हणजे संसारी, गोसाव्यांचे मठ आहेत, तिथे मुलाकडे गादी जाते आणि त्यात काही गैर नाही, आणि निहंग, म्हणजे लग्न न करणारे, गोसावी वेगळे. ‘महंतांच्या मुलाने गादी बळकावली’ अशी बातमी देण्याआधी तो मठ घरबारी आहे का एवढं विचारायला हवं की नको? एका शब्दावरून कुणाच्या घरावर डाग लागतो.

शब्दाला डाग लागल्याचं उदाहरण हवं तर पंजाबात बघा. तिकडे गुरुद्वारे पूर्वी महंतांच्या ताब्यात होते. 20 फेब्रुवारी 1921 ला ननकाना साहिबला तिथल्या महंताच्या माणसांनी निःशस्त्र शिखांची कत्तल केली, आंदोलन पेटलं, 1925 ला गुरुद्वारा कायदा झाला. शंभर वर्षं झाली, तरी शीख इतिहासात ‘महंत’ हा शब्द कडूच आहे. त्याच पंजाबात किन्नरांच्या डेऱ्याच्या प्रमुखालाही महंत म्हणतात, आदराने. छत्तीसगडमध्ये आणि आसामात ते आडनाव आहे. म्हणून तिकडच्या एजन्सीच्या बातमीत ‘महंत’ दिसला की तो साधूच असेल असं धरून चालू नका.

आता ऱ्हस्वदीर्घ, वचन दिलं होतं म्हणून. मठाधीश, ‘मठाधिश’ नाही, कारण मठ अधिक अधीश. मठाधिपतीत मात्र धि ऱ्हस्व, कारण तो अधिपती. आणि ‘पिठाधीश’ कृपा करून छापू नका. भाकरीचं पीठ पिठाचं होतं, धर्मपीठाचं पीठाचंच राहतं. हे वाचून कुणाला किरकोळ वाटेल, पण ज्या माणसाच्या गुरूचं पद तुम्ही पिठाच्या गिरणीत नेऊन ठेवता त्याला ते किरकोळ वाटत नाही.

आणि ‘साहित्यातले मठाधीश’, ‘क्रिकेटचे मठाधीश’ हे जे चालतं त्याबद्दलही बोलतो. भाषेत शब्द असे घसरतात, मी ते थांबवू शकत नाही आणि थांबवायला निघालेलोही नाही. खुर्ची न सोडणारा, दुसऱ्याला पुढे येऊ न देणारा माणूस, या अर्थी तो आता रुळलाय. मला वाईट याचं वाटतं की ‘जाणते करून विखरावे’ या ओळीच्या बरोबर उलटा अर्थ मराठीत रुळला, आणि तो रुळवण्यात काही खऱ्या मठाधीशांचाही हात आहे. पण एकाच पानावर वर अग्रलेखात ‘हे मठाधीश कधी जाणार’ आणि खाली बातमीत ‘मठाधीशांचे दर्शन घेण्यासाठी रांगा’ असं येतं, तेव्हा खालच्या बातमीत दुसरा शब्द घ्या, स्वामी घ्या, शिवाचार्य घ्या, जे त्या मठाचं असेल ते घ्या.

माझी मागणी मोठी नाही. शैलीपुस्तिका करा, समिती नेमा असं मी म्हणत नाही, तुमच्याकडे माणसं किती कमी आहेत ते मला माहीत आहे. मठाची बातमी आली की मठात एक फोन लावायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या. तुमच्याकडे प्रमुखांना काय म्हणतात, ते कसे निवडले जातात, आणि देह ठेवला तर त्याला काय म्हणतात. लिंगैक्य, ब्रह्मलीन, समाधिस्थ, जे सांगतील ते. फोन उचलणारा कुणी ना कुणी अप्पा असतोच, आणि त्याला हे विचारलेलं फार आवडतं, दोन मिनिटांच्या जागी दहा मिनिटं बोलेल.

आमचे अप्पा आता थकलेत, कारभार दुसऱ्याकडे दिलाय. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा त्यांनी मठाच्या दप्तरातून ते सातआठ वर्षांपूर्वीचं कात्रण काढून दाखवलं. ‘महंत’वर लाल पेनाने काट मारून वर शिवाचार्य लिहिलंय, आणि ‘अग्नी’ खोडून समाधी. म्हणाले, पुढे कुणी मठाचा इतिहास लिहायला बसला तर त्याला चुकीचा कागद मिळू नये.

आपला,
एक मुद्रितशोधक